नळाची नाडी

आमच्या मौद्याकडे गंज म्हणजे स्वयंपाकाचे पातेले. लोखंड खाणाराही गंजच! या दुसऱ्या गंजाचा इतिहास लोखंडी नळांच्या इतिहासाला चिकटून आहे.

मुंबईला विहार तलावाचे पाणी लोखंडी नळांतून मिळू लागले १८६० मध्ये. १८९२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या तानसाचे पाणी आले. विहिरींवर जगलेल्या शहराला केवढे अप्रूप! पण नळ पुरला, की त्याच दिवसापासून झीज सुरू होते. लोखंड खनिजातून ओढून काढलेले असते. ओल आणि हवा भेटली, की ते पुन्हा मातीच्या रंगाचे होते. तेव्हा बारीकसा वीजप्रवाह वाहतो. तो नळातून मातीत जिथे उतरतो, तिथे धातू झिजतो.

यावरचा उपाय आधी सापडला तो जहाजांसाठी. इंग्लंडच्या आरमारी जहाजांच्या तळाचे तांब्याचे पत्रे समुद्रात झिजत. १८२४ मध्ये हंफ्री डेव्हीने त्यांना लोखंडाचे, जस्ताचे तुकडे जोडले. तुकडे विरघळले, तांबे वाचले. पण विरघळत्या तांब्याचे विषच शिंपल्यांना दूर ठेवत होते! ते थांबताच तळाला शिंपल्यांची दाटी झाली, जहाजे मंदावली, आणि आरमाराने तो उपायच सोडला. मला तर त्या शिंपल्यांचेच कौतुक वाटते.

पुढे शंभरेक वर्षांनी, १९२८ मध्ये, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला रॉबर्ट कून या अभियंत्याने गॅसच्या नळाला बाहेरून उलटा वीजप्रवाह देऊन झीज थोपवली. नळ सुरक्षित आहे की नाही, हे कसे कळते? तांब्याची कांडी आणि मोरचुदाचे द्रावण असलेली नळी जमिनीवर टेकवतात. काटोलचे बागायतदार चुन्यात कालवून संत्र्याच्या बुंध्याला लावतात, तेच हे मोरचूद. त्या नळीच्या तुलनेत पोलाद उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून खाली असले, की निश्चिंत. शेताच्या धुऱ्यावर तेल-गॅस वाहिनीचे खांब दिसतात ना? त्यांतल्या काहींत नळाला जोडलेली तार असते. तिथे ही नाडी पाहतात.

दुर्लक्षाची किंमत मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहराने २२ एप्रिल १९९२ रोजी मोजली. तिथे पेट्रोलच्या पोलादी नळाजवळून पाण्याचा नळ नेला होता. ओल्या मातीत त्या सान्निध्याने पोलादाला भोक पडले, पेट्रोल गटारात उतरले. मोऱ्यांतून वास येतो, अशी तक्रार रहिवासी काही दिवस आधीपासून करत होते. शेवटी स्फोटांनी रस्तेच्या रस्ते फाटले. दोनशेहून अधिक माणसे गेली.

आता तेलाच्या नळात चुंबके लावलेले यंत्र आतून सोडतात. भिंत कुठे पातळ झाली, हे ते टिपून आणते. पाण्याच्या जुन्या नळांत मात्र ते वळणांवर, झडपांपाशी अडते. तिथे रात्री रहदारी थांबल्यावर एखादा कर्मचारी झडपेवर लोखंडी कांब टेकवतो आणि दुसऱ्या टोकाला कान लावतो. गळतीची सूंसूं ऐकू आली, की खूण करून पुढच्या झडपेकडे जातो.