औषधाचा अपाय आणि न्यायाची दाद

अकोल्यापासून वेगळा होऊन वाशीम हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अस्तित्वांत आला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधीं, २८ मे रोजीं, मुंबईच्या ब्रीच कॅन्डी रुग्णालयांत अनुराधा साहा या तरुण बालमानसशास्त्रज्ञ स्त्रीचें निधन झालें. या दोन घटनांचा परस्परांशीं वरकरणी कांहींहि संबंध नाहीं. परंतु रिसोडचा किंवा मानोऱ्याचा एखादा रहिवासी औषधानें अंगाची कातडी सोलवटली म्हणून आज वाशीमच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढें उभा राहिला, तर त्याच्या वकिलास त्या मृत्यूंतून निघालेल्या निवाड्याचा आधार शोधावा लागेल.

१९२२ सालीं न्यूयॉर्कच्या स्टीव्हन्स व जॉन्सन या दोन डॉक्टरांनीं ज्वर, तोंडांतील व्रण, डोळ्यांचा दाह आणि अंगभर पुरळ अशीं लक्षणें असलेल्या दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. १९५६ सालीं ॲलन लायेल या त्वचारोगतज्ज्ञानें त्याहून उग्र रूपाचें वर्णन केलें. त्यांत भाजलेल्या माणसाप्रमाणें कातडीचे पापुद्रे सुटतात, आणि चारांपैकीं एक किंवा त्याहूनहि अधिक रोगी दगावतात. सल्फा वर्गांतील औषधें, फेफऱ्यावरील कार्बामाझेपिन व फेनिटॉइन, वातरक्तावरील ॲलोप्युरिनॉल हीं याचीं नेहमींचीं कारणें होत. हीं औषधें लाखों लोकांस सोसतात, एखाद्यालाच बाधतात. म्हणूनच औषध बाधलें एवढ्यावरून तें देणारा दोषी ठरत नाहीं. मग दोष ठरतो तो कशावरून?

याचें पहिलें ठळक उत्तर महाराष्ट्रांतल्याच एका खटल्यानें दिलें. मे १९५३ मध्यें रत्नागिरी जिल्ह्यांत पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या तरुणाची मांडी मोडली. पुण्यास आणून, पुरेशी भूल न देतां हाड बसविण्यांत आलें व त्याच दिवशीं तो मरण पावला. जोशी विरुद्ध गोडबोले या नांवानें प्रसिद्ध असलेल्या त्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९६८ सालीं सांगितलें कीं, रोग्यास हातीं घ्यावें कीं नाहीं, कोणता उपचार करावा आणि तो कसा द्यावा, या तिन्ही ठिकाणीं वैद्यानें वाजवी काळजी घेतली पाहिजे. पित्यास मिळालेली भरपाई अवघी ३,००० रुपये होती.

अनुराधा साहा यांच्या प्रकरणांत हींच तीन कर्तव्यें पुन्हां कसास लागलीं. त्या व त्यांचे पति डॉ. कुणाल साहा अमेरिकेहून कोलकात्यास आले असतां त्यांना ताप येऊन पुरळ उठलें. ७ मे रोजीं डेपोमेड्रॉल हें सावकाश शोषलें जाणारें स्टेरॉइड दिवसांतून दोनदां, ८० मिलिग्रॅम, टोंचण्यास सांगण्यांत आलें. वस्तुतः तें आठवड्या-पंधरवड्यांतून एकदां द्यावयाचें औषध. ११ मे रोजीं त्यांना आमरी रुग्णालयांत दाखल केलें. तेथें शिरेवाटे द्रव देणें, नाडी, ताप व रक्तदाब यांची नोंद ठेवणें हीं सामान्य पथ्येंहि पाळलीं गेलीं नाहींत, असें न्यायालयास आढळून आलें. १७ मे रोजीं विमानानें मुंबईस हलविलें, तेव्हां फार उशीर झाला होता.

राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००६ सालीं तक्रार फेटाळली. सर्वोच्च न्यायालयानें २००९ मध्यें हा निर्णय फिरविला. फौजदारी गुन्हा मानला नाहीं, परंतु दिवाणी हलगर्जीपणा निश्चित केला. पुढें आयोगानें भरपाई ठरवितांना पतीनें उपचारांत ढवळाढवळ केली म्हणून शेकडा १० कापले. न्यायालयानें तेंहि रद्द केलें आणि २४ ऑक्टोबर २०१३ रोजीं ५ कोटि ९६ लाख रुपये व त्यावर शेकडा ६ व्याज देवविलें. त्या तरुणाच्या पित्यास पंधरा वर्षें लागलीं होतीं. या पतीसहि, तो स्वतः डॉक्टर असूनहि, तितकींच लागलीं.

वाशीमच्या रहिवाशास निदान दूर जावें लागत नाहीं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें तो राहत्या जिल्ह्यांतच तक्रार करूं शकतो. उपचार कोलकात्यास झाले असले तरी हरकत नाहीं. रुग्णालयास दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाहीं. मुदत मात्र दोन वर्षांची. रोग्याचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे, आणि साहा प्रकरण मुख्यतः कागदांवरच उभें राहिलें. उरलेली गोळी व तिचें वेष्टन फेंकून देणारीं घरें पहिला पुरावा स्वतःच नाहींसा करितात.

परंतु १९९५ च्या शांता प्रकरणीं न्यायालयानें घातलेली एक मर्यादा या जिल्ह्यास विशेष बोंचते. जेथें सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात, तें रुग्णालय ग्राहक कायद्याच्या कक्षेंत येत नाहीं. सरकारी दवाखान्यांत फुकट मिळालेल्या गोळीनें ज्याची कातडी गेली, त्या मजुरास जिल्हा आयोगाचें दार बंद आहे. त्यानें दिवाणी न्यायालय गांठावें, किंवा नागपूरच्या खंडपीठाकडे जावें.