जिंतूरचा कौल : तीन निवडणुका आणि मेघना बोर्डीकर

जालन्याहून मंठामार्गे जिंतूरकडे जाणारा रस्ता आणि सेलू-पाथरीकडे वळणारा रस्ता ज्या ठिकाणी वेगळे होतात, ते गाव म्हणजे देवगाव फाटा. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील या गावाचा समावेश जिंतूर विधानसभा मतदारसंघात होतो. २००८ च्या पुनर्रचनेनंतर या मतदारसंघाला ९५ हा क्रमांक मिळाला असून जिंतूर व सेलू या दोन तालुक्यांचा मिळून तो बनला आहे. लोकसभेसाठी तो परभणी मतदारसंघात मोडतो. २०१९ पासून विधानसभेत या भागाचे प्रतिनिधित्व भारतीय जनता पक्षाच्या मेघना साकोरे-बोर्डीकर करीत आहेत. लागोपाठ दोन निवडणुकांत त्यांनी एकाच प्रतिस्पर्ध्याचा पराभव केला आणि दोन्ही वेळा मताधिक्य पाच हजारांच्या आत राहिले. त्यांच्या राजकीय वाटचालीचा विचार करताना या आकड्यांकडे दुर्लक्ष करता येत नाही.

दोन तालुके, एक मतदारसंघ

जिंतूर तालुका डोंगराळ उताराचा असून पूर्णा नदीवरील येलदरी धरण याच तालुक्यात आहे. सेलूचा परिसर दुधना नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा असून निम्न दुधना प्रकल्प या भागात आहे. सेलू शहर मनमाड-परभणी लोहमार्गावर आहे, तर जिंतूरला रेल्वे नाही. कापूस, सोयाबीन आणि तूर ही दोन्हीकडची प्रमुख पिके. असे असले तरी बाजारपेठ, दळणवळण आणि पाणी यांबाबत दोन्ही तालुक्यांच्या अपेक्षा सारख्या नाहीत. उमेदवार कोणताही असो, एकाच तालुक्याच्या बळावर येथे निवडून येणे अवघड मानले जाते.

वडिलांचा वारसा

मेघना बोर्डीकर या माजी आमदार रामप्रसाद बोर्डीकर यांच्या कन्या. रामप्रसाद बोर्डीकर हे काँग्रेसचे जिल्ह्यातील महत्त्वाचे नेते होते. परभणी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. मराठवाड्यातील जिल्हा बँक ही पीककर्जामुळे थेट शेतकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचलेली संस्था असते आणि तिच्यावरील वर्चस्व हे नेहमीच राजकीय बळाचे एक माप ठरत आले आहे. २००९ मध्ये, पुनर्रचनेनंतरच्या पहिल्याच निवडणुकीत, रामप्रसाद बोर्डीकर काँग्रेसच्या उमेदवारीवर जिंतूरमधून निवडून आले.

२०१४ : एका वर्षात दोन निकाल

२०१४ चे वर्ष या मतदारसंघाच्या राजकारणाला कलाटणी देणारे ठरले. त्या वर्षी एप्रिलमध्ये झालेल्या लोकसभा निवडणुकीत राष्ट्रवादी काँग्रेसने परभणीतून विजय भांबळे यांना उमेदवारी दिली होती. शिवसेनेच्या संजय जाधव यांनी त्यांचा १,२७,१५५ मतांनी पराभव केला. एवढा मोठा पराभव पत्करूनही भांबळे पाच महिन्यांत पुन्हा मैदानात उतरले.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये भाजप-शिवसेना युती आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी या दोन्ही तुटल्या आणि चारही प्रमुख पक्ष विधानसभेला स्वतंत्रपणे सामोरे गेले. जिंतूरमध्ये कालपर्यंतचे मित्रपक्ष समोरासमोर आले. १९ ऑक्टोबरला लागलेल्या निकालात राष्ट्रवादीच्या भांबळे यांना १,०६,९१२ मते मिळाली, तर काँग्रेसचे विद्यमान आमदार बोर्डीकर ७९,५५४ मतांवर थांबले. २७,३५८ मतांचा हा पराभव बोर्डीकर घराण्यासाठी मोठा धक्का होता.

२०१९ : पक्ष बदलला, पिढी बदलली

पुढील निवडणुकीपूर्वी बोर्डीकर कुटुंब भारतीय जनता पक्षात दाखल झाले. २०१९ मध्ये युती पुन्हा झाली, जिंतूरची जागा भाजपच्या वाट्याला आली आणि उमेदवारी रामप्रसाद यांच्याऐवजी मेघना बोर्डीकर यांना मिळाली. राष्ट्रवादीकडून विद्यमान आमदार भांबळे रिंगणात होते.

२१ ऑक्टोबर २०१९ रोजी मतदान झाले आणि २४ ऑक्टोबरला निकाल लागला. बोर्डीकर यांना १,१६,९१३, तर भांबळे यांना १,१३,१९६ मते मिळाली. मताधिक्य होते ३,७१७. येथे लक्षात घेण्यासारखी बाब अशी, की भांबळे यांची मते घटली नव्हती. २०१४ च्या तुलनेत त्यांना ६,२८४ मते अधिक मिळाली होती. परंतु वडिलांना २०१४ मध्ये मिळालेल्या मतांपेक्षा कन्येला ३७,३५९ मते जास्त पडली. जुन्या बोर्डीकर गटाला युतीच्या मतांची जोड मिळाली, असाच या आकड्यांचा अर्थ लावता येतो. तरीही १,८५९ मतदारांनी बोर्डीकरांऐवजी भांबळे यांना मत दिले असते, तर निकाल उलटा लागला असता.

या विजयाला जिल्ह्याच्या दृष्टीनेही महत्त्व होते. २००९ आणि २०१४ या दोन्ही निवडणुकांत परभणी जिल्ह्यातील चारपैकी एकही जागा भाजपला मिळाली नव्हती. २०१९ मध्ये परभणीत शिवसेना, पाथरीत काँग्रेस आणि गंगाखेडमध्ये राष्ट्रीय समाज पक्ष विजयी झाला. भाजपचे खाते केवळ जिंतूरने उघडले.

२०२४ : दोघांचीही मते घटली

२०२२ मध्ये शिवसेनेत आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये फूट पडली. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत बोर्डीकर महायुतीच्या, तर भांबळे राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षातर्फे महाविकास आघाडीच्या उमेदवार होते. वंचित बहुजन आघाडीने सुरेश नागरे यांना रिंगणात उतरविल्याने लढतीला तिसरा कोन लाभला.

२० नोव्हेंबरला मतदान होऊन २३ नोव्हेंबरला मतमोजणी झाली. बोर्डीकर यांना १,१३,४३२, भांबळे यांना १,०८,९१६, तर नागरे यांना ५६ हजारांहून अधिक मते मिळाली. बोर्डीकर ४,५१६ मतांनी विजयी झाल्या.

२०१९ च्या तुलनेत बोर्डीकर यांची ३,४८१ मते कमी झाली, तर भांबळे यांची ४,२८० मते कमी झाली. म्हणजे विजयी उमेदवाराची मते घटूनही मताधिक्य ७९९ ने वाढले. तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराची मते ही या मताधिक्याच्या बारा पटींहून अधिक होती. भांबळे व नागरे यांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवारापेक्षा पन्नास हजारांहून जास्त होते. आपल्या निवडणूक पद्धतीत सर्वाधिक मते मिळविणारा उमेदवार विजयी ठरतो, त्यासाठी निम्म्याहून अधिक मतांची अट नसते. अशा तिरंगी लढतीत आमदाराला मत न देणाऱ्यांची संख्या देणाऱ्यांपेक्षा मोठी असू शकते. जिंतूरमध्ये तेच घडले. मात्र तिसरा उमेदवार नसता तर ती मते कोणाकडे वळली असती, हे या आकड्यांवरून ठरविता येत नाही.

राज्यात महायुतीला प्रचंड बहुमत मिळाले त्याच निवडणुकीतील हा निकाल आहे, हेही ध्यानात घ्यावे लागते. जिल्ह्यात परभणीची जागा शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाने राखली, पाथरी राष्ट्रवादी काँग्रेसकडे, तर गंगाखेड राष्ट्रीय समाज पक्षाकडे गेले. भाजपची जिल्ह्यातील एकमेव जागा यावेळीही जिंतूरचीच होती.

मंत्रिपद आणि जबाबदारी

१५ डिसेंबर २०२४ रोजी नागपूर येथे देवेंद्र फडणवीस मंत्रिमंडळाचा विस्तार झाला. राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन यांनी शपथ दिलेल्या ३९ जणांमध्ये सहा राज्यमंत्री होते आणि मेघना बोर्डीकर त्यांपैकी एक होत्या. सार्वजनिक आरोग्य, पाणीपुरवठा व स्वच्छता, ऊर्जा, महिला व बालविकास आदी खात्यांचे राज्यमंत्रिपद त्यांच्याकडे आले. २८८ सदस्यांच्या विधानसभेत मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या ४३ पेक्षा अधिक असू शकत नाही. दुसऱ्याच कार्यकाळात त्यांना या मर्यादित संख्येत स्थान मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये परभणीच्या पालकमंत्रिपदाची जबाबदारीही त्यांच्याकडे सोपविण्यात आली.

पालकमंत्री हा जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष असतो आणि जिल्ह्याच्या वार्षिक योजनेतील निधीचे वाटप या समितीतून होते. त्यामुळे केवळ जिंतूर-सेलूच्या आमदाराकडे असलेली अपेक्षा आता संपूर्ण जिल्ह्याची झाली. आरोग्य आणि पाणीपुरवठा ही खाती तर ग्रामीण मतदाराच्या रोजच्या जगण्याशी जोडलेली. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे की नाही आणि उन्हाळ्यात नळाला पाणी येते की नाही, या दोन प्रश्नांची उत्तरे गावकऱ्यांना भाषणांतून शोधावी लागत नाहीत.

जिंतूरने २०१४ मध्ये विद्यमान आमदाराला सत्तावीस हजार मतांनी घरी बसविले आणि २०१९ मध्ये त्याच्या जागी आलेल्यालाही पुन्हा संधी दिली नाही. २०२४ मध्ये प्रथमच या काळात विद्यमान आमदार पुन्हा निवडून आला, तोही साडेचार हजारांच्या फरकाने. अडीच लाखांहून अधिक मतदान होणाऱ्या मतदारसंघात हा फरक म्हणजे काही मोजक्या गावांचा कल. देवगाव फाट्यासारख्या दोन तालुक्यांच्या वाटेवरील गावांना म्हणूनच प्रत्येक उमेदवाराच्या प्रचारात स्थान द्यावे लागते.