बाजाराच्या कसोटीवर व्यवसायशिक्षण

इंग्लंडमध्ये शालेय शिक्षण संपलेले, सोळा वर्षांवरील विद्यार्थी आणि नोकरी करणारे प्रौढ 'फर्दर एज्युकेशन कॉलेजां'त सुतारकामापासून लेखाकर्मापर्यंतचे व्यवसायशिक्षण घेतात. १९९२च्या कायद्यान्वये १ एप्रिल १९९३ रोजी ही महाविद्यालये स्थानिक प्रशासनाच्या ताब्यातून काढून स्वायत्त करण्यात आली. विद्यार्थ्याचा प्रवेश, त्याचे टिकून राहणे आणि उत्तीर्ण होणे यांसाठी 'युनिटे' ठरवून त्या हिशेबाने अनुदान मिळू लागले. स्पर्धेमुळे कार्यक्षमता वाढेल, अशी शासनाची अपेक्षा होती.

पुढील काही वर्षांत विद्यार्थिसंख्या वाढली. मात्र प्रतिविद्यार्थी निधी घटला. 'सिल्व्हर बुक' नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय सेवाशर्तींच्या जागी नवे करार आले आणि अध्यापकांनी संप पुकारले. काही महाविद्यालयांनी बाहेरच्या संस्थांकडे अभ्यासक्रम सोपवून पटसंख्या फुगवली.

१९९३ साली साडेचारशेच्या आसपास असलेली महाविद्यालये मुख्यत्वे विलीनीकरणांमुळे पुढे जवळपास निम्म्यावर आली. २०१९मध्ये त्यांना दिवाळखोरीची तरतूद लागू झाली आणि त्याच वर्षी केंटमधील हॅडलो कॉलेजवर प्रशासक नेमला गेला. अखेर २९ नोव्हेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने या महाविद्यालयांची गणना पुन्हा सार्वजनिक क्षेत्रात केली. व्यापारी कर्जासाठी त्यांना शासनाची संमती आवश्यक झाली.

बाजारात एक दुकान बंद झाले, तर ग्राहक दुसरे गाठतो. लहान शहरातील एकमेव महाविद्यालयाने तोट्यातला अभ्यासक्रम बंद केला, तर कष्टकरी विद्यार्थ्याला दुसरे दार नसते. तीस वर्षांच्या या प्रयोगाचा खरा भार त्याच्यावरच पडला.