बेगमी: घरातला साठा आणि तीन तारखा

आजचा एपिसोड एका जुन्या शब्दावरून सुरू करू. शब्द आहे ‘बेगमी’. पावसाळ्याची बेगमी, वर्षाची बेगमी असं आजी-आजोबांच्या तोंडी ऐकलं असेल. शब्द फारसीतून आलाय. बे म्हणजे शिवाय आणि गम म्हणजे काळजी, दुःख. घरात साठा असला की काळजी नाही, म्हणून साठ्याचंच नाव पडलं बेगमी.

आता जरा कोकणातल्या जुन्या घरात डोकावू. मे महिना आला की अंगणात पापड, कुरडया, सांडगे वाळत पडायचे. आमसुलं, मीठ-मिरची, लोणच्याच्या बरण्या, सुकी मासळी, आठळ्या, सरपण आणि गोवऱ्या, सगळं मिरग लागायच्या आत घरात यायला हवं. कारण एकदा पाऊस धरला की नदी-ओढे भरायचे, होड्या बंद, बाजाराला जायची वाट बंद. गोव्यात यालाच ‘पुरुमेंत’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘प्रोविमेंतो’वरून आला, अर्थ तोच, पुरवठा करून ठेवणं. पावसाच्या तोंडावर मडगावला पुरुमेंताचं फेस्त आजही भरतं. देशावर धान्याची पेवं आणि कणग्या होत्या, घरोघरी आजीबाईचा बटवा होता. म्हणजे ‘इमर्जन्सी किट’ हे काही आपल्याला परदेशातून आलेलं फॅड नाही, बरं का!

पण या बेगमीमागे तीन गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या. एक, घरात पाणी येतच राहणार. दोन, घर जागेवर उभं राहणार. तीन, संकट येईल तेव्हा आपण घरात असणार. विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या तीन तारखांनी या तिन्ही गोष्टी मोडल्या.

पहिली तारीख, १२ जुलै १९६१. पुण्याच्या वरच्या अंगाला बांधकाम चालू असलेलं पानशेतचं धरण सकाळी फुटलं. तो लोंढा खडकवासल्याच्या धरणावर आला आणि १८७९ सालचं ते जुनं धरणही त्याच दिवशी खचलं. नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. लोक अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. पूर ओसरला आणि खरी पंचाईत पुढे आली. शहराला पाणी यायचं ते खडकवासल्यातून आणि आता तिथे पाणीच उरलं नव्हतं. सगळीकडे चिखल आणि प्यायला थेंब नाही! मग लोक वाड्यांमधल्या विहिरींकडे आणि पेशवाईतल्या जुन्या हौदांकडे वळले. नळ आल्यावर ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्यांनीच तेव्हा हात दिला.

दुसरी तारीख, ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जमीन हादरली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीची जड माळवदं होती. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं माणसांवर कोसळली. मृतांचा आकडा हजारोंमध्ये गेला. जे वाचले त्यांच्या घरात धान्य होतं, भांडी होती, कंदील होते, पण सगळं ढिगाऱ्याखाली. अंधारात आपलं माणूस शोधायला हाताशी साधी बॅटरीही नाही. वर्षाची बेगमी असून हात रिकामे, असा तो प्रसंग.

तिसरी तारीख तुमच्यापैकी काही जणांना आठवत असेल. २६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. गंमत बघा, त्याच दिवशी कुलाब्यात जेमतेम ७३! त्यामुळे दक्षिण मुंबईत ऑफिसात बसलेल्यांना उपनगरात काय चाललंय याचा पत्ताच नव्हता. लोकल बंद, रस्ते बुडालेले, मोबाइलचं नेटवर्क कोलमडलेलं. लाखो माणसं रात्रभर ऑफिसात, स्टेशनवर, बसमध्ये अडकली, कित्येक जण रुळांवरून चालत निघाले. घरी डबे भरलेले होते, पण माणूस घरीच नव्हता. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, ती वेगळीच.

मग जुनी बेगमी निकामी झाली का? तसं मुळीच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. शहरात पेट्रोलची आणि प्यायच्या पाण्याची टंचाई झाली. अशा वेळी घरातला डाळ-तांदूळच कामाला येतो. दहा मिनिटांत किराणा दारात आणून देणारं अ‍ॅप रस्ता बुडाला की बंद पडतं. तेव्हा साठा हवाच, फक्त तो कुठे ठेवायचा याचा नव्याने विचार करायला हवा.

तर मंडळी, या तारखांनी शिकवलेली बेगमी अशी.

१९६१ सांगतं, आधी पाणी. माणशी दिवसाला साधारण ४ लिटर धरा आणि किमान ३ दिवसांचं ठेवा. चौघांच्या घरात ४८ लिटर झालं, म्हणजे २० लिटरचे अडीच जार. सोबत पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. नदीकाठी राहत असाल तर हे सगळं माळ्यावर किंवा उंच फळीवर, जमिनीवर नको. शिवाय आपल्या भागात विहीर किंवा बोअर कुठे आहे ते माहीत करून घ्या.

१९९३ सांगतं, एक पिशवी दाराजवळ. त्यात बॅटरी, जास्तीचे सेल, शिट्टी, प्रथमोपचाराचं सामान, ओआरएस, सॅनिटरी पॅड, चणे-गूळ किंवा बिस्किटं, थोडी रोख रक्कम, घरातल्यांची रोजची औषधं आणि कागदपत्रांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत. कागदपत्रं फोनमध्ये आहेत हो, पण फोन बंद पडला तर? शिट्टी एवढ्यासाठी की ढिगाऱ्याखाली ओरडून दम संपतो, शिट्टीला कमी श्वास लागतो. उशाशी बॅटरी आणि चप्पल असू द्या, कारण फुटलेल्या काचांवरून चालायची वेळ येते. आणि भूकंपानंतर काडी किंवा मेणबत्ती पेटवू नका, गॅस गळत असू शकतो.

२००५ सांगतं, थोडी बेगमी अंगावर. बॅगेत पाण्याची बाटली, खाऊ, चार्ज केलेली पॉवर बँक आणि दोन-तीन नंबर कागदावर लिहिलेले. खरं सांगा, आईचा नंबर पाठ आहे तुम्हाला? घरच्यांशी आजच ठरवा, फोन लागला नाही तर कुठे भेटायचं आणि गावाबाहेरच्या कुठल्या नातेवाइकाला निरोप द्यायचा. ११२ हा नंबर मात्र पाठच हवा. आणि पुराच्या पाण्यातून चालत आलात तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

एक शेवटची गोष्ट. आजीची बेगमी दर मे महिन्यात नवी व्हायची, जुनं संपवून नवं भरलं जायचं. आपली पिशवी एकदा भरली की पाच वर्षं तशीच राहते, सेल पाझरतात, औषधांची मुदत संपते. म्हणून फोनमध्ये दर वर्षी १ मे रोजी वाजेल असं रिमाइंडर लावा. सुट्टीच असते. पिशवी उपटी करा, बिस्किटं खाऊन टाका, नवी भरा.

आणि हो, शेजारच्या मजल्यावर एकटे राहणारे आजी-आजोबा असतील तर त्यांचीही एक पिशवी भरून द्या. किल्लारीत पहिले हात शेजाऱ्यांचेच पोहोचले होते. भेटू पुढच्या भागात!