विटाळ आणि धूर

मित्रांनो, 'प्रदूषण' हा शब्द आपल्या चाळीत फार उशिरा आला. त्याआधी विटाळ होता. तो आपल्या अंगाला चिकटवलेला होता आणि धुऊन जात नव्हता. या दोन शब्दांचं नातं शोधायला मनुस्मृती उघडायची गरज नाही. परळ-लालबागच्या गिरणीत शिरलं तरी पुरे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला सूतगिरणीची कंपनी काढली. १८५६ मध्ये गिरणी चालू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळ्यापर्यंत चिमण्यांचं रान उठलं. कोकणातून, घाटावरून माणसं आली. त्यात महारवाडा सोडून आलेली आपलीही माणसं होती. गावकीच्या जोहारापेक्षा भोंगा बरा, असं त्यांना वाटलं. धुराबद्दल सरकारला जाग आली ती १९१२ साली. मुंबईसाठी धुराच्या उपद्रवाचा कायदा झाला. भट्टीतून, चिमणीतून बाहेर पडणाऱ्या धुरावर नजर ठेवणं सुरू झालं. पण चिमणीखाली, खात्याच्या आत, माणूस काय ओढत होता?

आत कापसाची धूळ होती. बोदं फोडताना, पिंजताना ती सर्वांत जास्त उडायची आणि पुढं सूतकताईत, थ्रॉसल खात्यातही असायचीच. आपली माणसं मुख्यतः कताईच्या बाजूला, कमी पगारावर. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथं त्यांना मज्जाव. कारण ऐका. धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. अस्पृश्याची थुंकी सुताला लागली तर पुढच्याला विटाळ! आता एकच धोटा पाळीपाळीला वेगवेगळ्या तोंडांना लागत होता. खोकल्याच्या, क्षयाच्या जंतूंना तिथं मोकळं रान होतं. या खऱ्या घाणीची कुणाला भीती वाटली नाही. भीती वाटली ती जातीची.

१९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना ठणकावून विचारलं, सर्व खात्यांत अस्पृश्यांना काम मिळण्याचा हक्क मागण्यांत घालता की नाही? नाहीतर आमचा माणूस संपात राहणार नाही. पुढाऱ्यांनी नाखुशीनं मागणी घातली. मालकांनी उलट सुनावलं, की हा अन्याय असेल तर तो आमचा नाही, तुमचाच आहे. लाल बावट्याखालीही विटाळ शाबूत होता, हे आपण विसरता कामा नये.

त्याच्या आदल्याच वर्षी, २० मार्च १९२७ ला, महाडला चवदार तळ्याचं पाणी आपण प्यालो. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत, त्याचं कुणाला काही नव्हतं. आपण ओंजळ लावल्यावर मात्र पाणी बाटलं. मग शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी तळ्यात रिकाम्या करून ते 'शुद्ध' केलं. या देशातलं जलप्रदूषण नियंत्रण आधी असं झालंय. कायद्याचं नंतर आलं.

ते आलं तेही पाहू. १९७० मध्ये महाराष्ट्रात पाण्यासाठी मंडळ झालं. १९७४ ला केंद्राचा पाण्याचा कायदा, १९८१ ला हवेचा. १९८४ ला भोपाळ झालं, तेव्हा १९८६ ला पर्यावरण संरक्षण कायदा. कायदे चांगले आहेत, ते वापरायला शिकलं पाहिजे. पण हवेचा कायदा बाहेरची हवा मोजतो. खात्यातली धूळ १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम १४ वर सोपवलेली होती. ते कलम धूळ कामगाराच्या नाकात जाण्याआधी ओढून घ्या म्हणायचं.

माझा बाप थ्रॉसलला होता. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला त्याची छाती गच्च व्हायची, आठवड्याच्या शेवटी जरा मोकळी. गिरणीचा डॉक्टर म्हणायचा, विडी सोड. बापानं विडी सोडली. छाती सुटली नाही. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात आणि पहिल्या दिवशी छाती आवळणं ही त्याची खूणच, हे मला तो गेल्यावर एका पुस्तकात सापडलं. घरात आम्ही त्याला दमाच म्हणत आलो. नाव माहीत नसलं की भरपाईही मागता येत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढं गिरण्या गेल्या, चिमण्या गेल्या, टॉवर आले. लालबागची हवा सुधारली म्हणतात. ज्यांच्या छातीत जुनी हवा राहिली, त्यांचा हिशोब कुणी केला नाही.

आणि विटाळ? तो गटारात उतरलाय. हातानं मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला पुन्हा झाला. तरी मॅनहोलमध्ये माणसं मरतात. बातमीत 'विषारी वायू' छापतात, त्यात कोण उतरला होता ते छापत नाहीत. आणि दर ६ डिसेंबरला लाखो माणसं चैत्यभूमीला येतात, तेव्हा दादरच्या काही तोंडांतून 'घाण' हा शब्द ठरल्यासारखा येतो. शब्द नवा आहे, थुंकी जुनीच.

म्हणून मित्रांनो, प्रदूषणाची चर्चा हे शिकल्या-सवरलेल्यांचं खूळ आहे असं म्हणून बाजूला होऊ नका. वस्तीत जा. कोण कुठल्या खात्यात होता, किती वर्षं, छाती कधी आवळायची, हे म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्या. ही माणसं आता थोडी उरलीत. ती गेली की फक्त चिमण्यांचे फोटो उरतील.