निबंधाला आधी प्रश्न हवा

मराठी निबंधाचा इतिहास सांगताना दोन नावे हमखास येतात. लोकहितवादींनी १८४८ सालापासून ‘प्रभाकर’मध्ये शंभरावर पत्रे लिहिली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिचे ८४ अंक काढले. या दोहोंच्या मधल्या काळातला एक निबंध मात्र सांगायचा राहून जातो. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. विषय होता मांग-महारांचे दुःख. लिहिणारी मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, मातंग समाजातली अवघ्या चौदा वर्षांची मुलगी.

निबंध कसा रचावा, हे मला तिच्याकडून शिकण्यासारखे वाटते. ती आरंभीच विचारते: वेदांवर आमचा अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता? मग पुरावे येतात. पेशवाईत इमारतींच्या पायात पुरलेली माणसे येतात, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बाया येतात. शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळते आणि शिकायला सांगते. हाच उपदेश पहिल्या ओळीत आला असता, तर कोरडा वाटला असता. आधी दुःख पटते, म्हणून उपाय पटतो. निबंधातला क्रम महत्त्वाचा, तो यासाठी.

आमच्या आटगावकडची मुले ‘पाणी हेच जीवन’ हा निबंध तयार पुस्तकातून पाठ करतात. प्रस्तावना, मुख्य भाग, समारोप, सगळे जागच्या जागी असते. फक्त आपला शहापूर तालुका त्यात कुठे नसतो. १८९२ सालचे तानसा धरण या तालुक्यात, भातसा धरणही इथलेच. त्यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. धरण उशाला, कोरड घशाला! हे असे का, एवढा एकच प्रश्न वहीच्या माथ्यावर लिहावा. मग आईच्या डोक्यावरचे हंडे मोजावेत, विहिरीचे अंतर लिहावे, गावातल्या जुन्या माणसांना विचारावे. प्रश्नाशी ज्याचा संबंध नाही, ते वाक्य कितीही गोड असले तरी खोडावे. मी कविता लिहिणारा माणूस. गोड ओळ खोडताना हात कसा अडखळतो, हे मला ठाऊक आहे. तरीही खोडावे.

अशा निबंधाला गुण किती मिळतील, हे तपासणाऱ्यावर आहे. पण प्रश्न विचारायला शिकलेले मूल पुढे ग्रामसभेतही उभे राहून बोलेल.