शरदाचे ऊन आणि घरची माणसे

आपल्या घराण्याचा इतिहास कोठे ठेवला आहे, असे कोणी विचारले तर काही भाग्यवान लोक सनदा काढून दाखवतील, काही जण छापील कुलवृत्तांत पुढे करतील. बाकीच्या आपणा सर्वांच्या घरी असतो तो माळ्यावरचा एक पत्र्याचा डबा, आणि त्यात पिवळे पडलेले दहा-वीस फोटो. दिवाळीच्या साफसफाईत तो डबा खाली येतो. हातातले फडके हातातच राहते, आणि मग अर्धा दिवस कोणी काम करीत नाही. "ही कोण?" "हा कोणाच्या मांडीवर बसला आहे?" असे प्रश्न सुरू होतात, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला एकाएकी मोठा मान येतो.

हे फोटो जरा निरखून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांतले कितीतरी फोटो घरात काढलेलेच नाहीत. कोणी अंगणात उभे आहे, कोणी ओसरीच्या पायरीवर बसले आहे, कोणाच्या मागे तुळशीवृंदावन आहे. अंगावर नवे कपडे आहेत, म्हणजे सण आहे. ऊन स्वच्छ आहे, म्हणजे पाऊस सरला आहे. घरची माणसे, लहान मुले, अंगण आणि शरदाचे ऊन यांची ही गाठ उगाच पडलेली नाही. तिच्यामागे जवळजवळ दोन शतकांची हकीकत आहे.

छायाचित्रण जन्मले तेच मुळी सूर्याचे आश्रित म्हणून. दागेर या फ्रेंच गृहस्थाची रीत पॅरिसमध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी जगापुढे उघड झाली. बातमी अटलांटिक ओलांडून अमेरिकेत पोचली आणि त्याच वर्षीच्या शरदात, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, फिलाडेल्फिया शहरात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या तरुणाने स्वतःचीच छबी टिपली. दिवे बनवणे हा त्याच्या घरचा धंदा. पण दिव्याच्या उजेडाने हे काम होण्यासारखे नव्हते, म्हणून त्याने आपली पेटी दुकानाच्या मागच्या अंगणात नेली आणि तो उन्हात येऊन तिच्यापुढे उभा राहिला. दहा-पंधरा मिनिटे तो हलला नसावा, असे सांगतात. केस विसकटलेले, हात छातीशी घेतलेले, आणि तोही चित्राच्या मध्यभागी नाहीच, जरा बाजूला सरकलेला! माणसाची जी अगदी पहिली छायाचित्रे आज टिकून आहेत, त्यांत हे एक आहे. दिवे विकणाऱ्याच्या मुलालाही उन्हात यावे लागले, यातच सारे आले.

इंग्लंडात फॉक्स टॅल्बॉट हा विद्वान याच खटपटीत होता. त्याला कागदावर चित्र हवे होते. कागदावर प्रथम काही दिसत नाही, पण चित्र त्यात दडून बसलेले असते आणि औषधाने ते वर आणता येते, हा शोध त्याला १८४० च्या सप्टेंबरात लागला. त्यामुळे पेटीपुढे बसण्याचा वेळ पुष्कळच कमी झाला. हा नवा शोध हाती येताच त्याने कोणाचे चित्र काढावे? राजाचे नव्हे, सेनापतीचे नव्हे. १० ऑक्टोबर १८४० रोजी त्याने आपल्या पत्नीला, कॉन्स्टन्सला, समोर बसवले. ती तेव्हा तीन लहान मुलींची आई होती, आणि आदल्या वर्षी तिने स्वतःही ही विद्या हाताळून पाहिली होती. पुढे त्या मुलीही टॅल्बॉटच्या चित्रांत आल्या. म्हणजे कागदावरच्या छायाचित्राचा संसार अगदी आरंभापासून घरच्याच माणसांनी भरलेला आहे.

स्कॉटलंडात हिल आणि ॲडमसन या जोडीने १८४३ पासून चार-पाच वर्षे एडिंबरोत जे काम केले ते तर मोठे गमतीचे आहे. माणसे घरात बसल्यासारखी दिसायला हवीत, पण घरात उजेड नाही. मग त्यांनी खुर्च्या, मेजे, पडदे सारे बाहेर आणले आणि उघड्या आकाशाखाली दिवाणखाना मांडला! आपल्याकडेही पुढे हेच झाले. अंगणात सतरंजी अंथरायची, मागे दोरीवर चादर किंवा लुगडे ताणून बांधायचे, शेजारून दोन खुर्च्या मागून आणायच्या आणि मध्ये आजोबांना बसवायचे. एडिंबरोची गोष्ट आपल्या फोटोवाल्यांनी ऐकली असेल असे नाही. पण गरज सारखी असली की युक्तीही सारखीच सुचते.

मोठी माणसे दम धरून बसत. खरी अडचण होती ती लहान मुलांची. दगड स्थिर बसतो, देऊळ स्थिर बसते. दोन वर्षांचे मूल कसे बसेल? फोटोवाले मोठ्यांच्या मानेमागे लोखंडी चिमटा लावीत, पण मुलाला चिमटा लावून भागत नसे. ते हलायचे, आणि चित्रात त्याच्या चेहऱ्याच्या जागी धुराचा पुंजका उठायचा. युरोपात यावर एक तोड निघाली. आईने खुर्चीवर बसायचे, तिच्या अंगावरून डोक्यापर्यंत जाड कापड घालायचे आणि त्या झाकलेल्या आईच्या मांडीवर मुलाला द्यायचे. चित्र मुलाचे, आई म्हणजे नुसते आसन! अशी कितीतरी चित्रे आज पाहायला मिळतात. प्रथम हसू येते. मग त्या कापडाखालचा हात मुलाच्या पोटाशी घट्ट धरलेला दिसतो आणि हसू मावळते.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण मूल उद्या असेलच असा भरवसा नव्हता. देवी, पटकी, घटसर्प यांचे ते दिवस. पाश्चात्त्य देशांत तर कित्येक आईबापांनी मुलाचा पहिला आणि शेवटचा फोटो ते गेल्यानंतर काढून घेतला. निजल्यासारखे दिसणारे ते मूल पेटीपुढे कधीच हलले नाही, म्हणून तेवढे चित्र स्पष्ट आले! याहून क्रूर गोष्ट या कलेच्या इतिहासात दुसरी नसेल.

आपल्या मुंबईत ही विद्या फार लवकर आली. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ च्या ऑक्टोबरात, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड सोसायटीत होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टनच्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे हाच धंदा केला. पण तेव्हाची रीत ओल्या काचेची. काचेवर औषध चढवायचे, ती ओली असतानाच चित्र घ्यायचे आणि वाळण्यापूर्वी धुऊन काढायचे. सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. आपल्या उन्हाळ्यात काच त्याआधीच वाळू लागे. बाहेर जायचे तर काळा तंबू, बाटल्या, पाणी आणि हमाल बरोबर हवेत. त्यामुळे अंगणापेक्षा काचेच्या छपराचा स्टुडिओच बरा वाटे. विल्यम जॉन्सन याने १८६३ ते १८६६ या काळात मुंबईच्या नाना जातिजमातींच्या चित्रांचे जे ग्रंथ काढले, त्यांत तर माणसे एका ठिकाणी टिपून त्यांच्यामागे बाहेरचा देखावा दुसऱ्याच चित्रातून आणून बसवला आहे. स्कॉटलंडात अंगणात घर उभे केले होते. येथे घरात अंगण आणले.

स्टुडिओची आणखी एक अडचण होती. तेथे घरच्या स्त्रिया जाणार कशा? परक्या पुरुषासमोर बसायचे, त्याने मान वळवायला सांगायची, ही कल्पनाच त्या काळी असह्य. शिवाय फोटो काढला की आयुष्य घटते हा समज होताच. हैदराबाद संस्थानात राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली खास स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला आणि तेथे छायाचित्रे घ्यायला एक इंग्रज बाई नेमली. पण ती सोय बड्या घराण्यांची. सामान्य घरातल्या आजीचा फोटो नाही. आजोबांचा आहे, तोही पगडी-उपरण्यातला. कित्येक घरांचा इतिहास असा अर्धाच टिपला गेला. जुन्या समूहचित्रांत पुरुष मध्ये, मुले पायाशी आणि बायका असल्याच तर कडेला असतात. घरातली सोवळी आत्या तर बहुधा नसतेच. ती तेव्हा स्वयंपाकघरात असणार. ज्या फराळाच्या ताटाभोवती मुले बसली आहेत, तो तिच्याच हातचा असणार.

हे चित्र पालटले ते दोन गोष्टींनी. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने १८७१ साली कोरड्या काचेची कल्पना मांडली, आणि दहा वर्षांत काचा तयार मिळू लागल्या. तंबू गेला, हमाल गेले. फोटोवाला पेटी खांद्यावर टाकून दारात येऊ लागला. मग १८८८ साली अमेरिकेत ईस्टमनचा कोडॅक निघाला आणि १९०० साली त्याचाच धाकटा भाऊ ब्राउनी. पुठ्ठ्याची साधी पेटी, किंमत एक डॉलर, आणि जाहिरात मुलांसाठी! अशा डबा-कॅमेऱ्यांना उजेड भरपूर लागे. म्हणून नियम एकच: बाहेर उन्हात चला आणि सूर्य पाठीशी घ्या. पाठीशी म्हणजे फोटो काढणाऱ्याच्या. समोरच्यांच्या तो डोळ्यांवर येई. आपल्या जुन्या फोटोंत सारे कुटुंब कपाळाला आठ्या घालून उभे दिसते, ते रागाने नव्हे. ऊन सोसून!

आणखी एक खुलासा येथेच करून टाकतो. पुष्कळ जण विचारतात की जुन्या फोटोत बायकांचे कुंकू काळे का? त्या काळच्या काचांना निळा रंग फार लवकर दिसे आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळे आकाश पांढरे फटक येई आणि तांबडे कुंकू काळे. झेंडूची माळही काळपट होई. सर्व रंगांना सारखा न्याय देणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या, पण त्या घरोघर पोचायला पुष्कळ वर्षे लागली. तेव्हा पणजीच्या कपाळावरचा काळा ठिपका पाहून मनात काही आणू नये. तो कुंकवाचाच आहे. काचेला तो रंग कळला नाही, एवढेच.

आता शरदाकडे येऊ. पुण्या-मुंबईकडे मे महिन्यात मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. डोळ्यांच्या जागी खळगे दिसतात, नाकाची सावली ओठांवर पडते. कार्तिकाच्या आरंभी तोच सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. भर दुपारीदेखील तो सुमारे ५७ अंशांवर असतो आणि साडेचारच्या सुमारास विसेक अंशांवर उतरतो. उजेड वरून कोसळत नाही, समोरून येऊन चेहऱ्यावर हात फिरवतो. पावसाने हवेतली धूळ धुतलेली असते. दसऱ्या-दिवाळीला भिंतींना नुकताच चुना दिलेला असतो, आणि ती पांढरी भिंत सावलीतल्या चेहऱ्यावर थोडे ऊन परत फेकते. भारी स्टुडिओत जी योजना पैसे मोजून करावी लागते, ती आपल्या आजीने सण म्हणून फुकट करून ठेवलेली असते! आणि मुख्य म्हणजे माणसे घरी असतात. नोकरीवरचा मुलगा आलेला असतो, लेक बाळाला घेऊन माहेरी आलेली असते. ऊन आणि माणसे यांचा असा योग वर्षातून एकदाच येतो.

पुढे बडोद्यास तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीने हा योग मध्यमवर्गाच्या हाती दिला. एका रोळात बारा चौकोनी फोटो, एकही अधिक नाही. बारा फोटोंत दिवाळी, बारसे आणि सहल बसवायची, म्हणून कळ दाबण्यापूर्वी घरात चर्चा होई. बाळ रडायचे थांबेपर्यंत कोणी खुळखुळा वाजवी, कोणी कावळा दाखवी. याच फोटोंत आई प्रथम कापडाबाहेर आली, कडेची मध्ये आली, क्वचित हसतानाही सापडली. मात्र एक माणूस हरवले. फोटो काढणारे वडील कोठेच नाहीत. नीट पाहा, मुलांच्या पायांपर्यंत एक लांब सावली आलेली दिसते. ती त्यांची!

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि बाराची मर्यादा उरलेली नाही. एका अभ्यंगस्नानाचे दोनशे फोटो निघतात. तक्रार करण्यासारखे यात काही नाही. मूल हलले तरी चित्र येते, आईला कापड पांघरावे लागत नाही, आणि कुंकू तांबडे दिसते. ज्या आईबापांनी एका चित्रासाठी जीव टाकला त्यांना हे स्वर्गसुखच वाटले असते. भीती निराळीच आहे. दोनशेतला एकही कागदावर उतरत नाही. यंत्र बिघडले की मुलाचे बाळपण त्याच्याबरोबर जाते. आणि डब्यातल्या जुन्या फोटोंचे दुखणे तर त्याहून जुने आहे. त्यांच्या पाठी कोऱ्या आहेत. मधल्या रांगेतली, कडेवर मूल घेतलेली ती तरुण बाई कोण, हे सांगणारे माणूस दरवर्षी घरोघर एकेक कमी होत आहे.

तेव्हा या भाऊबीजेला उन्हे कलली की साऱ्यांना अंगणात किंवा गच्चीवर बोलवा. मुलांना हलू द्या. आजीला मध्ये बसवा, स्वयंपाकघरातल्या बाईला हात पुसून बाहेर यायला लावा, आणि फोटो काढणाऱ्यालाही एकदा रांगेत उभे करा. मग जुना डबा घेऊन आजीजवळ बसा, आणि ती सांगेल ती नावे मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, प्रत्येक फोटोच्या पाठीवर लिहून काढा.